डेलानोचा द्राक्षसंप सुरू करणारे फिलिपिनो मजूर कोण होते, आणि त्यांची नावे मागे का पडली?

निफाडचा_बागायतदार

नमस्कार. आमच्या भागातील द्राक्ष बागायतदारांना कॅलिफोर्नियाचे नाव नवे नाही. आपल्याकडे रुजलेल्या थॉमसन सीडलेसला हे नाव तिथेच मिळाले, आणि गर्डलिंग (वेलीच्या सालीचा गोल पट्टा काढणे), मण्यांची विरळणी, घडांची छाटणी ही सारी कामे तिथेही हातानेच होत आली आहेत. त्या ओघात तिथल्या मजुरांविषयी वाचत असताना असे समजले की, १९६५ साली डेलानो येथील द्राक्षमळ्यांत जो गाजलेला संप झाला आणि ज्याच्याशी मेक्सिकन वंशाचे शेतमजूर नेते सेझार चावेझ यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्याची सुरुवात मेक्सिकन मजुरांनी नव्हे, तर फिलिपिनो मजुरांनी केली होती. त्यांच्यापैकी बहुतेकांनी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती आणि पुष्कळसे अविवाहित होते, असेही त्यात नमूद होते.

यातील दुसऱ्या गोष्टीचा उलगडा होत नाही. एका देशातून आलेली माणसे तीस-पस्तीस वर्षे परक्या मुलखात राबतात आणि त्यांच्यापैकी इतक्या जणांचा संसारच उभा राहत नाही, हे नुसत्या गरिबीने घडत नाही. आपल्याकडचा गरीब मजूरही लग्न करतोच. मग तिथे काय आड आले? आणि ज्या वयात माणूस काम सांभाळून राहतो, त्या वयात त्यांनी संपाची जोखीम कशी पत्करली? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

जुनी_पाने

आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते, आणि ते ठिकाण म्हणजे अमेरिकेचे कायदे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८९८ च्या युद्धात स्पेनचा पराभव झाल्यावर अमेरिकेने दोन कोटी डॉलर मोजून फिलिपिन्स आपल्या ताब्यात घेतले आणि त्यानंतर तिथल्या स्वातंत्र्यसैनिकांशी स्वतंत्र युद्ध करून तो ताबा पक्का केला. या वसाहतीतील माणसांना अमेरिकेने जो दर्जा दिला तो मोठा चमत्कारिक होता. ते अमेरिकेचे नागरिक नव्हते आणि परकीयही नव्हते. त्यांना ‘नॅशनल’, म्हणजे अमेरिकी सत्तेचे प्रजाजन म्हटले गेले. त्यांना मताधिकार नव्हता, पण अमेरिकेत येण्यास कोणी अडवूही शकत नव्हते. चिनी मजुरांचा प्रवेश १८८२ मध्ये आणि जपान्यांचा १९२४ मध्ये बंद झाल्यावर, ज्याला कायद्याने थांबवता येत नाही असा स्वस्त मजूर शेतमालकांच्या दृष्टीने एकच उरला होता.

सुरुवात हवाईतून झाली. तिथल्या साखर मळेवाल्यांच्या संघाने १९०६ च्या डिसेंबरात इलोकोस प्रांतातील १५ जणांची पहिली तुकडी आणली. पुढच्या चाळीस वर्षांत ही संख्या सव्वा लाखाच्या आसपास गेली. या करारबद्ध मजुरांना ‘सकाडा’ म्हणत. इलोकोसमध्ये जमिनीचे तुकडे पडलेले, माणसे फार आणि शेत थोडे, त्यामुळे तीन वर्षांचा करार करून परतायचे, गावी जमीन घ्यायची, असा बेत करून तरुण पोरे बोटीत बसत. मळेवाल्यांनी त्यांना जपानी, पोर्तुगीज आणि इतर मजुरांपासून वेगळ्या वसाहतींत ठेवले, म्हणजे एका गटाचा संप दुसऱ्या गटाकडून मोडता यावा. तरीही १९२० मध्ये जपानी आणि फिलिपिनो मजूर एकत्र संपावर गेले. १९२४ च्या संपात मात्र फिलिपिनो एकटे पडले, आणि ९ सप्टेंबर रोजी कवाई बेटावरील हानापेपे येथे झालेल्या चकमकीत १६ मजूर व ४ पोलीस ठार झाले. त्यांचे नेते, वकील पाब्लो मॅनलापिट यांना तुरुंगात टाकण्यात आले आणि पुढे हवाई सोडण्याच्या अटीवरच त्यांची सुटका झाली.

१९२० च्या दशकात हवाईतून, तसेच थेट मनिलाहून, मजुरांचा ओघ अमेरिकेच्या मुख्य भूमीकडे वळला. १९३० मध्ये तिथे सुमारे ४५ हजार फिलिपिनो होते, त्यांपैकी ३० हजार एकट्या कॅलिफोर्नियात. त्यांच्यात जवळजवळ १४ पुरुषांमागे १ स्त्री असे प्रमाण होते, कारण मालकांना हंगामापुरते हात हवे होते, कुटुंबे नको होती. गोऱ्या स्त्रीशी लग्न करावे म्हटले, तर कॅलिफोर्नियात मिश्रविवाहाला बंदी. त्या कायद्यात ‘मंगोल’ वंशाचा उल्लेख होता, पण फिलिपिनो मंगोल ठरतात का, हा वाद साल्वाडोर रोल्डान नावाच्या एकाने न्यायालयात नेला आणि १९३३ मध्ये तो जिंकला. विधिमंडळाने त्याच वर्षी कायद्यात ‘मलय वंश’ असे शब्द घालून तो निकाल निरर्थक करून टाकला. ही बंदी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये रद्द केली, तेव्हा विशीत आलेली ही माणसे चाळिशीत पोहोचली होती.

दुसरा टोला १९३४ मध्ये बसला. फिलिपिन्सला दहा वर्षांच्या संक्रमणानंतर स्वातंत्र्य देण्याचा टायडिंग्ज–मॅकडफी कायदा झाला खरा, पण त्याच कायद्याने फिलिपिनोंना तत्काळ परकीय ठरवले आणि वर्षाला अवघ्या ५० जणांना प्रवेश ठेवला. म्हणजे गावाहून वधू आणण्याचा मार्गही बंद झाला, आणि भेटीसाठी गेलेला माणूस परत येऊ शकेल याची खात्री उरली नाही. पुढच्या वर्षी सरकारने परतीचा प्रवास फुकट देऊ केला, परत न येण्याच्या बोलीवर. तो जेमतेम दोन हजारांवर लोकांनी घेतला. घरी आपण कमावते म्हणून पैसे पाठवत राहिलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परतणे जड जाते, हे आपल्याकडच्या मुंबईतील गिरणगावाने पाहिलेले आहेच.

माझ्या मते गरिबीने ही माणसे तिकडे नेली एवढेच. त्यांना एकटे ठेवले ते कायद्याने, तेही ठरवून.

---

सॅक्रामेंटोवासी

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी या भागात राहत असल्यामुळे स्टॉक्टनविषयी थोडी भर घालतो, कारण या समाजाचे हृदय डेलानोत नव्हे, तर स्टॉक्टनमध्ये होते.

स्टॉक्टनच्या पश्चिमेला सॅन वाकीन नदीचा त्रिभुज प्रदेश आहे. तिथली जमीन कुजलेल्या वनस्पतींची, काळी आणि भुसभुशीत. वाळली की तिची धूळ अंगाला प्रचंड खाजवते. या जमिनीत ॲस्परॅगस, म्हणजे कोवळे कोंब खाल्ले जाणारी एक भाजी, पिकतो. त्याचे कोंब वसंतात इतक्या झपाट्याने वाढतात की कापणी रोजच्या रोज करावी लागते, आणि एक दिवस जरी चुकला तरी माल बाद होतो. लांब दांड्याचे चपटे पाते घेऊन, कमरेत वाकून, कोंब मातीच्या आत कापत सरीमागून सरी पुढे जायचे, असे ते काम. गोरे मजूर ते टाळत आणि मालक सांगत की, फिलिपिनो बुटके असल्यामुळे त्यांना वाकण्याचा त्रास होत नाही. हा युक्तिवाद किती सोयीचा होता, हे वेगळे सांगायला नको.

कामाची रचना आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळीसारखीच होती. एक फिलिपिनो मुकादम मालकाशी ठेका करी, आपल्याच गावची किंवा प्रांताची माणसे जमवी, छावणीतील स्वयंपाकी नेमी आणि जेवणखाण, झोपण्याची जागा यांचे पैसे मजुरीतून कापून घेई. ॲस्परॅगस संपला की टोळी लेट्यूसकडे, मग द्राक्षांकडे वळे. उन्हाळ्यात पुष्कळ जण अलास्कात सामन मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यांत जात. हंगामाच्या अधल्यामधल्या दिवसांत सगळे स्टॉक्टनला उतरत. एल डोराडो आणि लाफायेट या रस्त्यांच्या आसपास त्यांची खोल्यांची हॉटेले, न्हाव्यांची दुकाने, खानावळी आणि प्रांतवार मंडळांची सभागृहे होती. या वस्तीला ‘लिटल मनिला’ म्हणत. फिलिपिन्सबाहेरची ती सर्वांत मोठी फिलिपिनो वस्ती होती. शहराच्या गोऱ्या भागातील हॉटेलांवर मात्र फिलिपिनोंना प्रवेश नसल्याच्या पाट्या लागलेल्या असत.

शनिवारी हे मजूर उत्तम शिवलेला सूट चढवून नृत्यगृहात जात, जिथे दहा सेंटचे तिकीट देऊन एका गाण्यापुरते मुलीबरोबर नाचता येई. गोऱ्या तरुणांना हेच सर्वाधिक खुपे. जानेवारी १९३० मध्ये वॉटसनव्हिल येथे अशाच एका नृत्यगृहावरून दंगल पेटली. शेकडोंचे जमाव कित्येक रात्री फिलिपिनोंना शोधत, मारत हिंडले आणि २२ तारखेच्या रात्री एका शेतावरील मजुरांच्या बराकीवर त्यांनी गोळ्या झाडल्या. त्यात फर्मिन टोबेरा हा २२ वर्षांचा मजूर मेला. त्याच्या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. कॅलिफोर्निया विधानसभेने या दंगलीबद्दल माफी मागितली ती २०११ मध्ये.

मूळ प्रश्नात संपाच्या धाडसाविषयी विचारले आहे, म्हणून हे सांगणे आवश्यक वाटते की डेलानो हा त्यांचा पहिला संप अजिबात नव्हता. १९३४ मध्ये सॅलिनासच्या लेट्यूस मजुरांनी संप केला, तेव्हा त्यांची छावणी जाळण्यात आली. १९३९ मध्ये स्टॉक्टनच्या ॲस्परॅगस मजुरांनी ऐन हंगामात काम थांबवले आणि माल सडण्याच्या भीतीने मालकांनी लवकरच नमते घेतले. १९६५ ची माणसे संपात मुरलेली होती.

लिटल मनिलाचा बहुतेक भाग साठच्या दशकाच्या अखेरीपासून शहरातून जाणाऱ्या महामार्गासाठी आणि तथाकथित पुनर्विकासासाठी पाडण्यात आला. आज त्या जागी गेलात तर डोक्यावर पूल आणि त्यावरील वाहने, एवढेच प्रामुख्याने दिसते.

---

नदीकाठची

एक छोटीशी जोड. स्टॉक्टनमध्येच १९१२ साली अमेरिकेतील पहिला कायमस्वरूपी गुरुद्वारा उभा राहिला, आणि त्याच शेतांत पंजाबी मजूरही राबत होते. १९२३ च्या भगतसिंग थिंद खटल्यानंतर भारतीयांनाही नागरिकत्व नाकारले गेले. हा अडसर दोन्ही समाजांसाठी एकाच कायद्याने दूर झाला: २ जुलै १९४६ च्या लूस–सेलर कायद्याने भारतीय आणि फिलिपिनो या दोघांनाही नागरिक होण्याची मुभा दिली आणि प्रत्येकी वर्षाला १०० जणांचा प्रवेश ठरवला. दोनच दिवसांनी फिलिपिन्स स्वतंत्र झाला. नंतरच्या काळात जी मराठी कुटुंबे अमेरिकेत गेली आणि तिथली नागरिक झाली, त्यांच्या वाटेवरील पहिला दगड या कायद्याने बाजूला केलेला आहे.

---

ठिणगी_१९६५

आता प्रत्यक्ष डेलानोविषयी.

१९६४ च्या अखेरीस ‘ब्रासेरो’ योजना, म्हणजे मेक्सिकोतून सरकारी कराराने मजूर आणण्याची व्यवस्था, संपुष्टात आली. त्या मजुरांसाठी तासाला १.४० डॉलर हा दर ठरलेला होता. मे १९६५ मध्ये दक्षिणेकडील कोचेला खोऱ्यात द्राक्षे आधी तयार झाली, तेव्हा फिलिपिनोंनी तोच दर मागितला, थोडे दिवस संप केला आणि तो मिळवला. हंगाम उत्तरेकडे सरकत डेलानोला आला, तर तिथले मालक त्याच कामाला त्याहून कमी दर देऊ लागले. इतकी साधी गोष्ट होती ती. १.४० डॉलर आणि पेटीमागे २५ सेंट, ही मागणी.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी डेलानोच्या फिलिपिनो सभागृहात बैठक झाली आणि संपाचा ठराव झाला. त्यांची संघटना होती ‘ॲग्रिकल्चरल वर्कर्स ऑर्गनायझिंग कमिटी’ आणि तिचे तिथले प्रमुख लॅरी इटलिआँग: फिलिपिन्सच्या पंगासिनान प्रांतात जन्मलेले, १९२९ मध्ये पंधराव्या वर्षी अमेरिकेत आलेले, अलास्कातील कारखान्यात तीन बोटे गमावलेले, तोंडात सिगार ठेवून बोलणारे, पत्त्यांत तरबेज. त्यांच्याबरोबर फिलिप व्हेरा क्रूझ, पीट व्हेलास्को आणि अँडी इमुटान होते. ८ सप्टेंबरच्या सकाळी हजारांहून अधिक मजूर मळ्यात गेलेच नाहीत. द्राक्षे पिकलेली होती, आणि पिकलेला घड वेलीवर किती काळ थांबतो हे आपण आम्हाला सांगाल.

पहिले काही दिवस ते छावणीतच बसून राहिले. मालकांनी गॅस, वीज आणि पाणी तोडले, मग माणसांना सामानासकट बाहेर काढले. ज्यांनी वीस-वीस वर्षे एकाच मळ्याच्या बराकीत काढली होती, त्यांना त्या रात्री झोपायला दुसरी जागा नव्हती. आपण विचारले आहे की त्या वयात ही जोखीम कशी घेतली. माझे उत्तर असे की, त्यांच्याजवळ मालकाने धरून ठेवावे असे फारसे काही नव्हते. शाळेत जाणारी मुले नव्हती, घराचे कर्ज नव्हते. शिवाय डोळ्यांसमोर म्हातारपण होते: निवृत्तिवेतन नाही, आणि काम थांबले की छावणीतील खाटही जाणार. तरुण माणूस पुढच्या हंगामाची वाट पाहू शकतो, त्यांना तेवढे हंगाम उरले नव्हते.

यानंतर इटलिआँग यांनी केलेली गोष्ट संपाइतकीच महत्त्वाची आहे. फिलिपिनो संपावर गेले की मेक्सिकन आणायचे आणि मेक्सिकन गेले की फिलिपिनो, हा मालकांचा जुना डाव त्यांना पाठ होता. म्हणून ते चावेझ आणि डोलोरेस ह्युर्टा यांच्या, मुख्यतः मेक्सिकन मजुरांच्या, संघटनेकडे गेले. चावेझ यांना आपली माणसे अजून काही वर्षे तयार होणार नाहीत असे वाटत होते; पण १६ सप्टेंबरला, मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनी, त्यांच्या सभासदांनी संपात उतरण्याचा निर्णय एकमुखाने घेतला. दोन्ही गटांचे जेवण फिलिपिनो सभागृहात एकत्र होऊ लागले आणि स्वयंपाक बव्हंशी फिलिपिनोच करीत. पुढच्या वर्षी दोन्ही संघटना एक झाल्या, देशभर द्राक्षांवर बहिष्कार पडला, आणि २९ जुलै १९७० रोजी डेलानोच्या बागायतदारांनी करारांवर सह्या केल्या.

श्रेय मागे पडले त्याचे एक कारण सरळ आहे. मेक्सिकन मजूर संख्येने कित्येक पटींनी जास्त होते, त्यामुळे एकत्रित संघटनेचे नेतृत्व त्यांच्याकडे जाणे ओघानेच आले. दुसरे कारण वर ‘जुनी_पाने’ यांनी सांगितलेल्या कायद्यांपर्यंत जाते: ज्यांना मुलेच झाली नाहीत, त्यांची आठवण सांगायला घरात कोणी उरत नाही. चावेझ यांनी श्रेय हिरावले, असे जे सरसकट म्हटले जाते ते मला पटत नाही. वृत्तपत्रांना एक चेहरा हवा असतो आणि तो त्यांना उपवास व पदयात्रा करणाऱ्या माणसात सापडला. इटलिआँग वाटाघाटीच्या मेजावरचे गडी, त्यांचे छायाचित्र कोण छापणार?

---

निफाडचा_बागायतदार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक पुरवणी प्रश्न आहे. करार झाल्यावर या वृद्ध मजुरांच्या हाती काय पडले? इटलिआँग यांनी १९७१ मध्येच संघटना सोडली असे वाचले, ते का?

---

जुनी_पाने

हाती पडले ते असे: वाढीव मजुरी, औषधोपचाराचा निधी, कीटकनाशकांच्या वापरावर बंधने. पण याच करारांतील एक कलम फिलिपिनोंना बोचले. मुकादमाची पद्धत बंद करून मजुरांना संघटनेच्या कार्यालयातून, सभासदत्वाच्या ज्येष्ठतेनुसार कामावर धाडायचे असे ठरले. उद्देश चांगला होता, कारण मुकादमाच्या मर्जीवर मजूर अवलंबून राहू नये हेच त्यामागे होते. तथापि वर्षानुवर्षे एकाच मळ्यावर एकत्र काम केलेल्या, एकत्र राहून एकत्र जेवणाऱ्या टोळ्या या व्यवस्थेत फुटल्या आणि साठीच्या माणसांना पहाटे कार्यालयाच्या रांगेत उभे राहून, दूरच्या मळ्यावर, अनोळखी लोकांत कामाला जावे लागले. मुकादम गेल्याचा आनंद मेक्सिकन कुटुंबांना जितका झाला तितका यांना होणे शक्य नव्हते. यांचा मुकादम बहुधा आपल्याच प्रांताचा असे. इटलिआँग यांची तक्रार अशी होती की, निर्णय घेणाऱ्या वर्तुळात फिलिपिनोंचे म्हणणे ऐकलेच जात नाही आणि तिथे शेतमजुरांपेक्षा बाहेरून आलेल्या सल्लागारांचे वजन अधिक आहे. त्यांनी ऑक्टोबर १९७१ मध्ये पद सोडले आणि वृद्ध फिलिपिनोंच्या प्रश्नांवर काम केले. १९७७ मध्ये ते वारले.

व्हेरा क्रूझ उपाध्यक्ष म्हणून राहिले, पण १९७७ मध्ये चावेझ हे तिथले हुकूमशहा मार्कोस यांच्या राजवटीच्या निमंत्रणावरून फिलिपिन्सला गेले, तेव्हा त्यांनी उघड विरोध केला आणि त्याच वर्षी तेही बाहेर पडले. या एका बाबतीत मी ‘ठिणगी_१९६५’ यांच्याइतका उदार होऊ शकत नाही. मार्कोस यांनी संपावर बंदी घातलेली होती, आणि तिथे पाहुणचार घेताना आपल्या संघटनेतील फिलिपिनोंना काय वाटेल, हे चावेझ यांना कळायला हवे होते.

मजुरांच्या निवाऱ्याचा प्रश्न मात्र संघटनेने खरोखर हाती घेतला. पॉलो अगबायानी हे मजूर १९६७ मध्ये संपाच्या निदर्शनात असताना हृदयविकाराने गेले होते. त्यांच्या नावाने डेलानोजवळ, संघटनेच्या ‘फॉर्टी एकर्स’ या जागेवर, निवृत्त शेतमजुरांसाठी ‘अगबायानी व्हिलेज’ उभारण्यात आले आणि १९७४ मध्ये ते खुले झाले. बांधकामात देशभरातून आलेल्या स्वयंसेवकांनी हातभार लावला, त्यांत फिलिपिनो वंशाचे महाविद्यालयीन विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. या विद्यार्थ्यांनी त्या ‘मनोंग’ मंडळींकडून, म्हणजे दादा मंडळींकडून, ऐकून ठेवलेल्या हकिकतींचा पुढील इतिहासलेखनाला फार उपयोग झाला. शेतमजूर चळवळीतील फिलिपिनोंचे कार्य शालेय अभ्यासक्रमात घेण्याचा कायदा कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये केला, आणि युनियन सिटी येथील एका शाळेला आता इटलिआँग आणि व्हेरा क्रूझ या दोघांची नावे आहेत.